अडविणाऱ्याचा धर्म

ज्या मनुष्याच्या कर्तृत्वाची परिसीमा 'काही घडले नाही' एवढ्या तीन शब्दांत सांगता येते, त्याच्या आयुष्याचे मोल कोणत्या मापाने करावे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक वाटला तरी एकदा मनात शिरला म्हणजे सहजासहजी निघत नाही. पीक उभे राहिले की लोक पेरणाऱ्याचे नाव घेतात. परंतु वसईच्या खाडीकाठी ज्या बांधामुळे खारे पाणी त्या शेतात आले नाही, त्या बांधाचे स्मरण तो फुटेल त्याच दिवशी व्हावयाचे. रात्रभर जागलेल्या पहारेकऱ्याच्या नावे सकाळी कोणी जमा लिहीत नाही. चोर आला असता आणि त्याने तो पकडला असता, तर गोष्ट निराळी! देणारे, रचणारे, जिंकणारे यांच्या चरित्रांनी आमची ग्रंथालये भरलेली आहेत. अडविणाऱ्याचे चरित्र मात्र विरळा. लोकांची कृतघ्नता एवढेच त्याचे कारण नसावे. अडविणे हे स्वतंत्र कर्म आहे, की दुसऱ्याच्या कर्माची केवळ वजाबाकी आहे, याविषयीच आमच्या मनाचा निश्चय झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आम्ही येथे कबड्डीच्या निमित्ताने घेत आहोत. तत्त्वचर्चेच्या पृष्ठांवर मैदानावरील धूळ कशास, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, मनुष्याचा स्वभाव सभेतल्यापेक्षा खेळात अधिक उघडा पडतो. हुतूतू हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी तो परदेशीयांस करून दाखविला. पुढे शंकरराव साळवी, म्हणजे सर्वांचे बुवा साळवी, यांच्यासारख्यांनी त्याच्या संघटनेत आयुष्य वेचले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो दाखल झाला, आणि २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी नावाची धंदेवाईक स्पर्धा सुरू होताच घरोघरच्या दिवाणखान्यांत येऊन बसला. (योगायोग असा की, त्याच आठवड्यात, १ ऑगस्ट रोजी, आमचा पालघर जिल्हा जन्मास आला.) एवढ्या प्रवासात खेळाचे पुष्कळ काही पालटले. एक गोष्ट पालटली नाही: प्रेक्षकाचा डोळा चढाई करणाऱ्यावरच खिळलेला असतो. एकटा, दम घुमवीत, सातांच्या अंगणात शिरणारा तो वीर! त्याच्यापुढे अर्धवर्तुळ करून उभे राहिलेले सात जण म्हणजे जणू नाटकातील भालदार-चोपदार.

वस्तुतः बुद्धीचा कस लागतो तो या सातांचाच. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा क्रीडांगणाच्या अर्ध्या भागात चढाईपटू येतो. त्यास तीस सेकंदांची मुदत. निदानरेषा ओलांडल्यावाचून परतला तर तो आपोआपच बाद. कोपऱ्यावर उभा राहणाऱ्या गड्याने या तीस सेकंदांत काय करावयाचे? बहुतेक काळ काहीच नाही. पावले मोजावयाची, शेजाऱ्याचा हात हाती धरावयाचा, चढाईपटूच्या खांद्याकडे न पाहता कमरेकडे पाहावयाचे, आणि ज्या एका क्षणी त्याच्या शरीराचा भार एका पायावर जातो, त्याच क्षणी दुसऱ्या पायाच्या घोट्यावर झडप घालावयाची. हा क्षण आधी आला असे वाटले तरी घात, नंतर उमगला तरी घात. शिवाय हिशेब विषम आहे. पकड साधली तर सामान्यतः एक गुण. फसली, तर ज्याने ज्याने त्या चढाईपटूस स्पर्श केला ते सारे बाद, म्हणजे साहाय्यास धावलेल्यांसही मूळ चुकीचा दंड. आपल्या धैर्याची किंमत सोबत्यांस भरावी लागेल हे ठाऊक असूनही जो झेपावतो, त्याचे धैर्य एकट्या चढाईपटूच्या धैर्याहून निराळ्या जातीचे आहे.

कल्याणचे गिरीश इर्नाक हे अशा डाव्या कोपऱ्याचे एक नामांकित रक्षक. २०१८ साली ते पुणेरी पलटणचे संघनायक होते, आणि त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताच्या संघातही होते. १९९० पासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारताने मिळविली होती. त्या वर्षी मात्र उपांत्य सामन्यात इराणने भारतास १८ विरुद्ध २७ अशा गुणांनी हरविले व भारतास कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. या पराभवाची चर्चा आमच्या इकडे पुष्कळ झाली. परंतु तिचा रोख बहुतांशी आमच्या चढाईपटूंस काय झाले याच्यावर होता. त्यांस काय व्हावयाचे होते? फजल अत्राचली व त्याचे सोबती यांनी त्यांस परत जाऊ दिले नाही, इतकेच झाले. पराक्रम समोर घडत असता आम्ही त्यास 'अपयश' असे नाव दिले, आणि तेही दुसऱ्याचे! अडविणाऱ्याच्या कर्तृत्वाकडे पाहण्याची आमची दृष्टी किती अधू आहे, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

आता मूळ शंकेकडे वळू. अडविणे ही केवळ वजाबाकी आहे काय? जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते, हे आमच्या पिढीतील वाचकांस आठवत असेल. 'अमर' या प्रकारात मेलेला गडी मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजले जात. 'गामिनी'त मेलेला गडी बाहेर जाई तो सारा संघ मरेपर्यंत बाहेरच राही. तिसरा प्रकार 'संजीवनी': प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी पुन्हा जिवंत होऊन आत येई. मृत्यूविषयीच्या तीन भिन्न कल्पना खेड्यातील मुलांनी तीन खेळांत बसवाव्यात, ही मौज कोणा दर्शनकाराच्या नजरेस कशी पडली नाही, कोण जाणे! आजची कबड्डी उभी आहे ती संजीवनीच्याच पायावर. तीत कोपऱ्यावरचा गडी जेव्हा चढाईपटूचा घोटा धरून त्यास खाली आणतो, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेला त्याचा एक सोबती उठून मैदानात येतो. म्हणजे ज्यास आम्ही निषेध समजत होतो, त्याच्याच पोटी पुनर्जन्म आहे. बांधाने खारे पाणी अडविले यातच भाताचे उगवणे आले. ते निराळे दाखविता येत नाही, म्हणून ते नाही असे होत नाही.

परंतु एवढ्यावरून अडविणे हे जात्याच पुण्यकर्म ठरविले, तर ती घाई होईल. महाभारतातील जयद्रथ पाहा. चक्रव्यूहाच्या तोंडाशी त्याने चार पांडवांस रोखून धरले. अभिमन्यूवर शस्त्र चालविणारे हात दुसऱ्यांचे होते, तो केवळ अडवून उभा होता. तथापि अर्जुनाची प्रतिज्ञा झाली ती त्याच्याच वधाची, आणि आजवर कोणा श्रोत्यास ती अन्यायाची वाटली नाही. तेव्हा काय अडविले, कशासाठी अडविले आणि कोणत्या रीतीने अडविले, या तिन्ही गोष्टींचा विचार झाल्यावाचून अडविणाऱ्यास दोष देता येत नाही, आणि श्रेयही देता येत नाही. पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर खेळात सोपे आहे, कारण तेथे उद्दिष्ट आधीच ठरलेले असते. राहिली ती रीत. आणि येथेच आम्हांस क्षणभर आपले मैदान सोडून दूर अमेरिकेत जावे लागते. कारण अडविण्याचा धंदा जितका तेथे वाढला, तितका जगात अन्यत्र वाढला नसावा.

अमेरिकन फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात पायाचा संबंध थोडा व छातीचा फार. अकरा गडी अंडाकृती चेंडू घेऊन पुढे सरकू पाहतात, दुसरे अकरा त्यांस पाडतात. आणि पाडणारे अकरा जन्मभर पाडण्याचेच काम करतात, चेंडू पुढे नेण्याचे काम निराळ्या अकरांचे. श्रमविभागणीचे हे टोक झाले. तेथेही लौकिकाची तीच तऱ्हा. चेंडू फेकणाऱ्या नायकास तो फेकण्यापूर्वीच जमिनीवर लोळविणे, ज्यास तिकडे 'सॅक' म्हणतात, हे अडविणाऱ्याचे सर्वांत मोठे यश. पण राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या दप्तरात त्याची वैयक्तिक नोंद अधिकृतपणे होऊ लागली ती १९८२ साली! मिनेसोटा संघाचा ॲलन पेज हा १९७१ साली लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. बचाव-फळीतील गड्यास हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हा पेज मोठा विलक्षण पुरुष. खेळता खेळता तो कायदा शिकला, १९७८ साली पदवीधर झाला, आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत त्याने मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशाचे काम केले. त्याने पाडलेल्या गड्यांची अधिकृत संख्या मात्र दप्तरात नाही. दप्तर उघडण्याच्या आधल्या वर्षी तो खेळातून निवृत्त झाला होता.

पेजच्या आयुष्याकडे पाहून हा धंदा निर्दोष ठरविण्याचा मोह होतो, तोच जॅक टॅटम आठवतो. हा ओकलंड संघाचा. सर्वांत मागे उभे राहून अखेरचा बांध घालणे हे त्याचे काम. १२ ऑगस्ट १९७८ रोजी न्यू इंग्लंड संघाशी एक सामना झाला. तोही मोसमाच्या हिशेबात न धरावयाचा, केवळ सरावाचा. न्यू इंग्लंडचा डॅरिल स्टिंगली हा सव्वीस वर्षांचा तरुण आपल्याकडे आलेला चेंडू झेलावयास उंच झेपावला, चेंडू हाती लागला नाही, आणि खाली येत असता टॅटमची धडक त्यास बसली. मान मोडली. त्या दिवसानंतर तो कधी चालला नाही. २००७ साली वारला तोपर्यंतची जवळजवळ एकोणतीस वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीत काढली. पंचाने टॅटमला दंड दिला नाही. लीगनेही शिक्षा केली नाही. कारण त्या काळच्या नियमांप्रमाणे त्या धडकेत नियमबाह्य असे काही नव्हते. ओकलंडचा प्रशिक्षक जॉन मॅडन रुग्णालयात स्टिंगलीस वारंवार भेटावयास जाई. टॅटम आणि स्टिंगली यांची भेट मात्र पुढे कधी झाली नाही. टॅटम २०१० साली निवर्तला.

भीमाने गदायुद्धात नियम मोडून दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला, तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. तेथे नियम मोडला होता, म्हणून न्याय कोणाचा हे सांगणे सोपे होते. येथे नियम अभंग राहिला आणि मनुष्य मोडला. आता नांगर कोणावर उगारावा? वसई प्रांतातील आमच्या ख्रिस्ती बांधवांस ज्यांचे नाव परिचित आहे, त्या संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मरक्षणाच्या प्रसंगाने असा विचार मांडला आहे की, एकाच कृतीची दोन फळे असू शकतात, एक योजिलेले व दुसरे न योजिलेले, आणि कृतीची नीतिमत्ता योजिलेल्या फळावरून ठरते. मात्र साधन प्रयोजनाच्या मानाने अधिक उग्र असता कामा नये. टॅटमने स्टिंगलीस पंगू करण्याचे योजिले नव्हते, हे आम्ही निःशंकपणे मानतो. परंतु दुसरी अट? चेंडू हातातून गेलेला आहे, गडी अंतराळात आहे, सामना मोजणीतला नाही. अशा वेळी पूर्ण वेगाची धडक कोणत्या प्रयोजनासाठी? 'मी आहे, याची आठवण राहावी' म्हणून. भीती पेरणे हाच त्या धंद्याचा एक भाग होऊन बसला होता, हे टॅटमने स्वतः पुढे लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावावरूनही स्पष्ट आहे. त्या नावात त्याने आपणास मारेकरी म्हणवून घेतले आहे. नियम पाळला म्हणून मनुष्य दंडास अपात्र ठरतो. निर्दोष ठरतोच असे नाही. या दोहोंमधील अंतर जेथे बुजले, तेथे नीती जाऊन केवळ कायदा उरला, असे समजावे.

आणि आता आमच्या खेळातील एक लहानसा नियम पाहावा. सातही जणांनी मिळून चढाईपटूस धरावे, त्याच्या अंगावर पडावे, त्यास तसूभर हलू देऊ नये. सारे मान्य आहे. परंतु त्याचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम तोडणे हा गुन्हा आहे. पायांची कैची घालणे, इजा व्हावी अशा रीतीने आपटणे, हेही वर्ज्य. म्हणजे सारे शरीर तुमच्या स्वाधीन, पण श्वास त्याचा त्याच्याचपाशी. दम त्याचा त्यानेच सोडावयाचा. पकड आणि प्रहार यांत जो भेद आहे तो हाच, असे आम्हांस वाटते. पकडणारा म्हणतो, 'तू येथे थांब'. प्रहार करणारा म्हणतो, 'तू नसावास'. पहिल्यात प्रतिपक्षी मनुष्य म्हणून शिल्लक राहतो व सामना संपताच त्याच हाताने त्यास उठविता येते. कान्टने मनुष्यास केवळ साधन समजू नये असे जे सांगितले, ते कोनिग्सबर्गच्या खोलीत बसून. आमच्या पोरांस ते श्वासाच्या एका नियमात सापडले.

याचा अर्थ आमचा खेळ पवित्र आणि परक्यांचा राक्षसी, असा कोणी काढू नये. स्वदेशाभिमानाच्या भरात अशी वाक्ये लिहिणे सोपे असते. आमच्या गड्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, गुडघ्यावर ढाल नाही. घोट्यावर झेपावणाऱ्याच्या तोंडावर चढाईपटूची टाच बसते. खांदे निखळतात, गुडघ्याचे स्नायुबंध तुटतात, आणि हे सारे वयाच्या पंचविशीच्या आत. फार तर इतके म्हणता येईल की, शिरस्त्राण नसल्यामुळे आमचा गडी आपले डोके शस्त्रासारखे वापरावयास धजत नाही. अमेरिकेत रक्षणासाठी घातलेल्या टोपाने नेमके तेच शिकविले.

त्या टोपाखाली काय होत होते, हे कळावयास फार दिवस लागले. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूस वारंवारच्या आघातांनी विकार होतो, हे मार्टलंड नामक डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेविले होते. परंतु फुटबॉलपटूंचे नाव त्यात कोणी जोडले नाही. २००२ साली डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या मृत खेळाडूचा मेंदू तपासला, आणि २००५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: अनेक वर्षांच्या धक्क्यांनी मेंदू आतून झिजतो, स्मृती जाते, स्वभाव पालटतो. आणि या विकाराचे खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होते. यानंतर डेव्ह डुअर्सन या गृहस्थाची कथा. शिकागो संघाचा हा अखेरच्या फळीतील रक्षक, अजिंक्यपदाचा दोन वेळचा मानकरी. निवृत्तीनंतर उद्योगपती, आणि विशेष म्हणजे, निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वाच्या मागण्या तपासणाऱ्या मंडळाचा सभासद. आपल्या जुन्या सोबत्यांचे अर्ज याच्यापुढे येत. डोक्याच्या दुखापतीचा आणि त्यांच्या पुढील हालांचा संबंध मानावयास तो स्वतः तयार नसे. पुढे त्यालाच स्मृतिभ्रंश, शिरःशूळ, संताप यांनी घेरले. फेब्रुवारी २०११ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्याने आपले जीवन संपविले. तत्पूर्वी आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असा निरोप त्याने लिहून ठेविला होता. बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांस त्यात तोच विकार आढळला. ज्या प्रश्नास तो मंडळात बसून 'नाही' म्हणत होता, त्याचे उत्तर त्याने असे पाठविले. २०१३ साली लीगने हजारो निवृत्त खेळाडूंशी साडेशहात्तर कोटी डॉलरांचा समझोता केला. न्यायालयाने पुढे त्यावरील मर्यादाही काढविली.

येथे नेहमीचा आक्षेप येतो: 'त्यांनी हे स्वखुशीने पत्करले होते, भरपूर पैसा मिळाला, मग तक्रार कसली?' संमती हा शब्द आजकाल फार सैल वापरला जातो. ज्या हानीचे स्वरूप विशीतल्या मुलास ठाऊक नाही, वैद्यांस नीट ठाऊक नाही, आणि ज्या थोड्यांस ठाऊक होऊ लागले त्यांनी ते उघडपणे मान्य करावयास वर्षे लावली, त्या हानीस त्या मुलाने संमती दिली म्हणजे नेमके काय दिले? त्याने दिला तो विश्वास. आणि विश्वास घेणाऱ्यावर जबाबदारी असते. संमती घेणाऱ्यावर ती नसते, एवढ्याचसाठी व्यवहारी लोक पहिल्यास दुसऱ्याचे नाव देतात.

हाच प्रश्न आता आमच्या दारात आलेला आहे. २०१४ सालच्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमार यांच्यावर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ सालच्या लिलावात पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले गेले, आणि महंमदरेझा शादलुई या इराणी अडविणाऱ्यासाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख. त्या मोसमात पुणेरी पलटण अजिंक्य ठरली. अडविणाऱ्याची किंमत लोकांच्या डोळ्यांस कळली नाही ती बाजारास कळली, हे कबूल करावे लागते. माणसांचा लिलाव या शब्दानेच आमच्या कित्येक सुशिक्षित स्नेह्यांच्या अंगावर काटा येतो. आम्हांस त्या काट्यात थोडा दांभिकपणा दिसतो. विकले जाते ते एका मोसमाचे कौशल्य, मनुष्य नव्हे. आणि महिन्याच्या एक तारखेस वेतन घेणारे आम्ही प्राध्यापकही वेगळे काय करतो? भेद आहे तो दुसरीकडे. आमची विद्या वयाबरोबर वाढते, निदान तसे भासविता तरी येते; कोपरारक्षकाचा गुडघा वाढत नाही. पूर्वीच्या व्यवस्थेत रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने चांगल्या खेळाडूस नोकरी देत. त्याची दहा वर्षे ते घेत, पण चाळीस वर्षे पगार देत. खेळ संपला की तो फायली उचलावयास लागे. चरित्र नीरस, परंतु म्हातारपण भाकरीचे. नव्या व्यवस्थेत लाखांनी मिळते व करारासवे संपते. आणि ज्याच्यावर बोलीच लागली नाही, असा गावोगावचा गडी तर दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. जुनी व्यवस्था कंजूष होती, पण तिला माणसाच्या उत्तरायुष्याची आठवण होती, हे आमचे मत आम्ही दडवून ठेवू इच्छीत नाही.

बोळिंजमध्ये राहणाऱ्या मनुष्यास ही चर्चा पुस्तकी राहत नाही. जेथे केळीच्या बागा आणि वाड्या होत्या, तेथे आता म्हाडाच्या व इतरांच्या उंच इमारती आहेत. उरलेल्या मोकळ्या तुकड्यावर संध्याकाळी दिवे लावून मुले कबड्डी खेळतात. ज्यांची वाडी गेली, त्यांच्या मुलांपाशी राहिले ते शरीर. शहरातील वाचकास हे वाक्य अलंकारिक वाटेल. येथे ते हिशेबाचे आहे. अशाच एका मुलाचा बाप गेल्या वर्षी आमच्याकडे आला. मुलगा सतरा वर्षांचा, डाव्या कोपऱ्यावर खेळणारा, अभ्यासात बेताचा. उजव्या गुडघ्यास एकदा मार लागून बरा झालेला. एका संघाच्या निवड-चाचणीचे बोलावणे आले होते. बाप म्हणाला, "सर, पोरगा दुसऱ्यांना अडवायला शिकला. आता मी त्याला अडवू का, तेवढं सांगा."

अशा प्रश्नास विद्वत्तेने उत्तर देण्याचा मोह आम्ही आवरला. जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. ज्या घरात पर्याय नाहीत तेथे सावधगिरीचा उपदेश हा श्रीमंतांचा चोचला ठरतो. आणि जावे असे सांगावयास डुअर्सनचा निरोप आड येत होता. मुलगा बापाच्या मागे उभा होता, त्याला विचारले, "तुला चढाई का आवडत नाही रे?" तो म्हणाला, "चढाईत एकट्यालाच मजा येते, सर. पकडीत साखळीला येते." पुष्कळ ग्रंथ वाचूनही अडविण्याचे इतके स्वच्छ मंडन आमच्या हाती लागले नव्हते, आणि त्यानंतर त्या मुलास थांबवावे असे वाटेना.

शेवटी आम्ही बापास चार प्रश्न सांगितले व ते त्याने तेथेच एका कागदावर उतरून घेतले. करार किती मोसमांचा व पैसे किती; महाविद्यालयाची परीक्षा देता येईल की नाही; मोसमात दुखापत झाल्यास औषधोपचार कोण करील; आणि करार संपल्यावर तोच गुडघा पुन्हा गेला, तर त्याचा खर्च कोणाकडे. चाचणीस तो मुलाबरोबर स्वतः गेला. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे तत्काळ मिळाली. चौथा ऐकल्यावर समोरच्या गृहस्थाने तो कागदच वाचावयास मागून घेतला, आणि हे कोणी लिहून दिले, असे विचारले.